रुस्तमचं वजन

माझ्या पाठचा भाऊ एक रात्र जगला. १९८४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा तीन वर्षांची होते. त्याच्या कानात अजान झाली, दफन करताना घाईघाईत काहीतरी नाव ठेवलं, ते नाव आज घरात कुणालाच आठवत नाही. दादीने दिलेलं नाव मात्र राहिलं. "पाच शेर का बच्चा था जी. रुस्तम था, रुस्तम. नजर लग गई," असं ती आल्यागेल्याला सांगायची. बाळ तराजूत कुणी घातलं नव्हतं. पण दादीने आयुष्यभर बाजारात ज्वारी-बाजरी मापून विकली होती, तिच्या हाताचा अंदाज सहसा चुकत नसे. पाच शेर म्हणजे साडेचार किलोच्या वर.

अम्मी त्या बाळाबद्दल बोलायची नाही. ती फक्त तहान सांगायची. त्या गरोदरपणात रात्री तीन-तीनदा उठून तांब्याच्या तांब्या पाणी प्यायची, आणि तितक्याच वेळा अंधारात परसात जावं लागायचं. घरातल्या बायका म्हणायच्या, लडका है, पानी मांगता. बाळंतपण घरीच झालं. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. दाईने कसंबसं ओढून काढलं. बाळ रडलं, लालबुंद होतं, गाल भरलेले, मनगटांना वळ्या. मग मध्यरात्रीनंतर ते सुस्त पडलं, थरथरू लागलं, दूध ओढेना. फजरच्या आधी गेलं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. बी.एड.च्या वर्षांत फिरदौसीच्या शाहनाम्याची गोष्ट सविस्तर वाचली, तेव्हा दादीच्या त्या नावाने मी दचकले. रुस्तमच्या जन्माची कथा शाहनाम्यात आहे. रुदाबाच्या पोटातलं बाळ इतकं मोठं असतं, की ती झिजत जाते, बाळंतपण अडतं, ती बेशुद्ध पडते. नवरा झाल सीमुर्गचं पीस जाळतो. सीमुर्ग येऊन उपाय सांगतो: आईला मद्य पाजून गुंगी आणा, कूस चिरा, बाळ काढा, जखम शिवा. आई वाचते, बाळही वाचतं. फारसीत सिझेरियनसाठी रुस्तमच्या नावावरून शब्दच आहे. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, शाहनामा तिने पाहिलाही नसेल. पण दास्तानी ऐकलेल्या होत्या. मोठ्या बाळाचं कौतुक म्हणून तिने जे नाव निवडलं, ते नेमकं अडलेल्या बाळंतपणातून आलेल्या मुलाचं होतं.

दादीच्या आधी एकशे साठ वर्षं, बर्लिनमध्ये एका तरुण डॉक्टरने जवळजवळ हेच केलं होतं. त्याचं नाव हाइनरिश बेनेविट्झ. १८२३ च्या नोव्हेंबरात तिथल्या इस्पितळात बावीस वर्षांची एक बाई दाखल झाली. पाचवं गरोदरपण. तहान भागत नव्हती, लघवी थांबत नव्हती, आणि त्या लघवीत साखर निघाली. बाळंतपण अडलं. बाळ बारा पौंडांचं, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, आणि ते बाळंतपणातच गेलं. बेनेविट्झने ते बाळ पाहून हर्क्युलिसची आठवण काढली. तिथे हर्क्युलिस, इथे रुस्तम. मात्र तो तेवढ्यावर थांबला नाही. बाळंत झाल्यावर त्या बाईची तहान गेली, लघवीतली साखरही गेली, याची त्याने नोंद केली, आणि १८२४ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधात मांडलं, की हा मधुमेह गरोदरपणाचंच लक्षण असावा. गरोदरपणातल्या मधुमेहाची ही फार जुनी नोंद म्हणून वैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते.

मधुमेह हा आजार मात्र त्याहून कितीतरी जुना. सुश्रुताच्या काळापासून आपल्याकडे गोड लघवीची ओळख आहे. इब्न सीनाने 'अल्-कानून'मध्ये त्याचं वर्णन केलं. उर्दूत त्याला जियाबेतस म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ साधारण 'आरपार वाहून जाणं', अरबीच्या वाटेने तो हकिमांपर्यंत आला. आमच्या तेलगावात यातला एकही शब्द कुणी वापरत नाही. मराठीत बोला की दखनीत, आजाराचं नाव एकच: शुगर. आणि गावाची ओळखही साखरच. सुंदरनगरचा लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. हंगामात माजलगावच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग लागते, हवेत मळीचा वास असतो. पाहुणे आले की अम्मी म्हणायची, बाहर भी शक्कर, अंदर भी शक्कर. कारण तोवर तिलाही शुगर निघाली होती. साल १९९६, वय चाळिशीच्या आत. रुस्तम जाऊन बारा वर्षं झाली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

हा संबंध अमेरिकेत मात्र १९४० च्या दशकातच लक्षात येऊ लागला होता. मोठेपणी मधुमेह झालेल्या बायकांना त्यांच्या जुन्या बाळंतपणांबद्दल विचारलं, की भलीमोठी बाळं, पोटात किंवा जन्मताना गेलेली बाळं, यांच्या हकिकती जास्त निघत. आजार उघड होण्याच्या आधी कितीतरी वर्षं गरोदरपणात त्याची चाहूल लागून गेलेली असे. मग प्रश्न असा आला, की ही चाहूल तेव्हाच्या तेव्हा पकडता येईल का? बोस्टनमध्ये डॉक्टर जॉन ओसलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी १९६४ साली ७५२ गरोदर बायकांच्या तपासणीवरून साखरेच्या मर्यादा मांडल्या. १०० ग्रॅम ग्लुकोज पाजायचं आणि चार वेळा रक्त घ्यायचं, एकदा उपाशीपोटी आणि मग दर तासाने तीनदा. या आकड्यांपैकी कुठला धोक्याचा, हे त्यांनी कशावर पारखलं? बाळावर नाही. पुढच्या वर्षांत त्या बायकांपैकी कुणाला मधुमेह होतो, यावर.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अम्मी पलीकडच्या खोलीत इन्सुलिनचं इंजेक्शन घेत होती.

बाळाचं काय होतं, ते कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात नीट समजावलं. वार म्हणजे आई आणि बाळामधली चाळण समजा. आईच्या रक्तातली साखर त्यातून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. जास्तीची साखर आली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि बाळ अंगाने भरत जातं, विशेषतः खांदे आणि धड. नाळ कापली की आईकडची साखर एकदम बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन लगेच कमी होत नाही. मग काही तासांत त्याच्या रक्तातली साखर घसरते. बाळ सुस्त होतं, थरथरतं, दूध ओढत नाही. आमचा रुस्तम खांदे अडकल्याच्या इजेने गेला की साखर उतरल्याने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण अम्मीची ती तहान, बाळाचं ते वजन आणि ती थरथर ओळीने मांडली की नजर लागल्याचं पटत नाही.

तहान सगळ्यांनाच लागत नाही, हीसुद्धा एक अडचण आहे. वारेतून निघणारे हार्मोन इन्सुलिनचा असर कमी करतात आणि गरोदरपण पुढे सरकेल तसं हे वाढत जातं. बहुतेक बायकांचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावतं. ज्यांचं निभत नाही, त्यांपैकी बऱ्याच जणींना काहीच जाणवत नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता प्रत्येकीची तपासणी करायची, आणि ती २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची, असं ठरत गेलं.

पण बोस्टनची तपासणी तेलगावच्या बाईला कशी करता येणार? उपाशीपोटी या, तीन तास बसा, चारदा टोचून घ्या. ज्या बाईला एसटीने यायचंय, घरचं आवरून यायचंय, जिला गरोदरपणात उपाशी राहू नको असंच सगळे सांगतात, तिला उद्या उपाशीपोटी या म्हटलं की ती येतच नाही. ही गोष्ट मद्रासच्या डॉ. वीरास्वामी शेषय्या यांनी ओळखली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपी पद्धत मांडली, भारतातल्या त्यांच्या अभ्यासगटाने २००६ च्या सुमारास तिची शिफारस केली. बाई जेवून आली असो की नसो, आली त्याच वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त तपासायचं. १४० किंवा त्याच्या वर आकडा गेला की गरोदरपणातला मधुमेह. तामिळनाडूत त्यांनी केलेल्या पाहणीत हे प्रमाण शहरात १७.८ टक्के, निमशहरी भागात १३.८ आणि खेड्यांत ९.९ टक्के निघालं. शेषय्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

या पद्धतीवर सगळ्यांचं एकमत नाही. २००८ साली नऊ देशांतल्या पंचवीस हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारत नव्हता. त्याच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये उपाशीपोटीचा ९२ हा आकडाही निकषात घेतला. न उपाशी राहता केलेल्या तपासणीत बऱ्याच जणी निसटतात, असं चेन्नईच्याच दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मी आमच्या इथल्या बायका पाहते, तेव्हा मला शेषय्यांची बाजू घ्यावीशी वाटते. उपाशीपोटीच्या अटीमुळे जी आलीच नाही, ती कुठल्या तक्त्यात निसटलेली म्हणून दिसतही नाही.

माझी स्वतःची तपासणी याच पद्धतीने झाली. २००८ चा सप्टेंबर, रमजान सुरू होता, मला सव्वीसावा आठवडा. माजलगावला खासगी दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजची पुडी पाण्यात ढवळायला सांगितली. मी म्हटलं, मला रोजा आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुमच्या आईला शुगर आहे ना? तुमच्या धर्मात गरोदर बाईला सवलत आहे, हे मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही का?" मला माहीत होतं. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईला रोज्यातून सवलत असल्याचं हदीसमध्ये आहे. वर्गात मुलींना मीच हे सांगत होते. पण घरातल्या सगळ्या बायका रोजे धरत असताना आपण एकटीने जेवायचं, याची लाज सवलतीपेक्षा मोठी वाटत होती. दुपारी बारा वाजता, दवाखान्याच्या बाकावर, मी तो पेला प्याले. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे, उसाच्या रसात कुणीतरी जास्तीची साखर घातल्यासारखी.

आकडा आला १६४.

डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं नाही. भात कमी, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, जेवल्यावर चालायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, जेवणानंतरची साखर १२० च्या आत आली. इन्सुलिन लागलं नाही. अम्मी रोज माझ्या ताटाकडे बघायची. एक दिवस भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, "उस वक्त ये पानी मेरे को कोई पिलाया होता तो?" मी काही बोलले नाही. डिसेंबरात मुलगा झाला, तीन किलो शंभर ग्रॅम. दादी तेव्हा हयात होती. तिने त्याला हातात उचलून तोललं आणि म्हणाली, हलका है, अच्छा है.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची असते, आणि नंतर दरवर्षी. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं. मी गेले नाही. बाळ, शाळा, परीक्षा. २०२१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, मलाही शुगर निघाली. ओसलिव्हन आणि महान यांना यात नवल वाटलं नसतं.

आता एक गैरसमज, जो मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकते: हा खात्यापित्या, जाड बायकांचा आजार आहे, आपल्याकडच्या राबणाऱ्या बायकांना कुठून होणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे उपयोगी पडतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, साधारण बेचाळीस किलो वजनाच्या बायका. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण त्वचेखालची चरबी मोजली, तर आपली बाळं वजनात जितकी मागे होती तितकी चरबीत नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. दिसायला बारीक, आतून मेदाळ. पुढे मधुमेह होण्याची तयारी पोटातच सुरू होते, हे या खेड्यांनी जगाला दाखवलं. आता हे आमच्या घराला लावून पाहा. अम्मीचं बाळ पाच शेरांचं होतं, म्हणून निदान चाळीस वर्षांनी तरी कुणाला शंका आली. बारीक बाईच्या पोटी अडीच किलोचं बाळ आलं आणि आईची साखर वाढलेली असली, तर दादीच्या हाताला ते कळलं नसतं. तिथे रक्तच तपासावं लागतं.

सरकारने २०१४ च्या अखेरीस या तपासणीची देशभरासाठी मार्गदर्शक नियमावली काढली, २०१८ मध्ये ती सुधारली. पद्धत शेषय्यांचीच. पहिल्या भेटीत एकदा, आणि ती चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा एकदा. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत या, अर्ध्या तासानंतर झाली तर चालेल, इतकं बारीक त्यात लिहिलं आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. आशाताई घरोघर सांगून जातात. हे सगळं चांगलंच आहे. पण या नियमावलीत बीड जिल्ह्याचा हंगाम नाही.

दिवाळीच्या आगेमागे इथली गावं रिकामी होतात. गावात कारखाना असूनही हजारो जोड्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पहिली तपासणी गावात होते, दुसरीची वेळ येते तेव्हा बाई कुठल्याशा फडावर कोपीत असते. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढल्याचं समोर आलं. त्याच पिशवीत बाळ असतं तेव्हाच्या दोन तासांची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात माझी एक जुनी विद्यार्थिनी धाकट्या भावाचा दाखला न्यायला शाळेत आली. मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची, शुद्धलेखन उत्तम. दोन दिवसांनी गाडी निघणार होती, कर्नाटकात. चौथा महिना सरत होता. मी तिला माता-बाल संरक्षण कार्ड दाखवायला सांगितलं. साखरेच्या पहिल्या रकान्यात आकडा होता, दुसरा कोरा. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आठवडे मोजले. चोविसावा आठवडा डिसेंबरच्या शेवटी येत होता. एका कागदावर तारखा लिहिल्या. सांगितलं, उपाशी जायची गरज नाही, जेवून गेलीस तरी चालतं, कुठल्याही सरकारी दवाखान्यात होतं, दोन तास लागतात.

"दोन तास?" ती म्हणाली. "मॅडम, मी बसले तर त्यांचाबी कोयता बंद. जाऊन-येऊन दिवस गेला. खाडा पडंल."

मी तिला रुस्तमची गोष्ट सांगितली. आजवर शाळेत कुणाला सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली, मग कागदाची घडी करून कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि भावाचा दाखला घेऊन गेली. खरं सांगायचं तर मी आशा धरली नव्हती.

मार्चमध्ये पट्टा पडला, माणसं परतू लागली. ती एका दुपारी मधल्या सुट्टीत आली, आठवा महिना संपत आलेला, चेहरा उन्हाने रापलेला. काही न बोलता पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या रकान्यात निळ्या शाईने कानडीत काहीतरी लिहिलं होतं. मला उर्दू येते, मराठी येते, कानडी येत नाही. आकडा मात्र वाचता आला. ११२.

"खाडा पडला?" मी विचारलं.

"पडला की," ती म्हणाली आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला आणि ती किती पिते, ते बघत उभी राहिले.